हाती लागलेला माणूस

पोलिसांच्या गोळीचा विषय निघाला की आपल्याला मुंबई आठवते आणि सिनेमातला इन्स्पेक्टर. आम्हा आटगावकरांना एवढ्या लांब जायला नको. शहापूर, मुरबाड, म्हसा करत नारिवलीकडे निघालं की सिद्धगड दिसतो. २ जानेवारी १९४३ ला तिथल्या रानात पोलिसांनी इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या आझाद दस्त्याला घेरलं. दस्त्यातले हिराजी पाटील जागीच गेले. भाई कोतवाल, माथेरानचे वकील, विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणणारे, पायाला गोळी लागून पडले. ते उठू शकत नव्हते. हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने जवळ जाऊन त्यांना गोळी घातली, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

चकमक झाली, दोन्हीकडे बंदुका होत्या, हे एक. पण माणूस जायबंदी होऊन हाती लागल्यावर झाडलेली गोळी, ती चकमकीतली म्हणायची का? मला आज एवढंच बोलायचं आहे.

पोलिसांचं काम जिवावरचं आहे, यावर वाद नको. १ मे २०१९ ला गडचिरोलीत कुरखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. उलट गोळी झाडायला त्यांच्यासमोर कुणी नव्हतंच. आणि मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्याकडे काठी होती आणि अतिरेकी कसाबकडे एके-४७. ओंबळ्यांनी नळी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, पण पकड सोडली नाही. सहकारी कसाबवर तुटून पडले, तेव्हा त्याला मारू नका, हा पुरावा आहे, असं सांगून आवरणारे संजय गोविलकर स्वतः गोळी लागलेले होते. त्या क्षणी त्याला संपवलं असतं तर देशात कुणी हूं की चूं केलं नसतं.

आता मुंब्रा. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यातला आरोपी अक्षय शिंदे तळोजा तुरुंगातून पोलिसांच्या गाडीतून नेला जात होता. त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक सहायक निरीक्षक जखमी झाला, म्हणून आपण गोळी झाडली आणि तो मेला, असं पोलिसांचं म्हणणं. तारीख २३ सप्टेंबर २०२४. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ ला, चकमकीत माणूस मेला तर काय काय करायचं याचे १६ नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले होते. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्यांकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा, हत्यार तपासायला जमा करा; आणि प्रकरणाची शंका फिटेपर्यंत शौर्यपदक नाही की क्रम डावलून बढती नाही. खटला महाराष्ट्राविरुद्धचाच होता, मुंबईतल्या चकमकींवरून उभा राहिलेला. हा पदक-बढतीचा नियम वाचताना मला नेहमी वाटतं, लिहिणाऱ्यांना आपलं पोलीस खातं नीट माहीत असावं.

मुंब्र्याच्या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांची हकीकत मान्य केली नाही. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाकडून तपास करायला सांगितलं. पुढचं न्यायालय बघेल. अशा प्रकरणांना वेळ लागतो: वर्सोव्याची चकमक २००६ ची, आणि त्यातले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना जन्मठेप झाली मार्च २०२४ मध्ये.

मला कोडं पडतं ते पेढ्यांचं. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरच्या लोकांनी स्टेशनात रेल्वेगाड्या दिवसभर रोखून धरल्या, आणि त्यांचा राग पोलिसांवरही होता: तक्रार घ्यायला उशीर लावला म्हणून. जेमतेम महिना उलटला आणि त्याच स्टेशनात पेढे वाटले, फटाके फुटले. ज्यांच्यावर साधा गुन्हा लिहून घेण्याइतकाही विश्वास नव्हता, त्यांना आपण फाशीचा अधिकार देऊन टाकला! पेढे वाटणाऱ्या बायकांना मी हसणार नाही. घरात लहान मुलगी असलेल्या माणसाचं पोट तुटतंच. पण तक्रारीला उशीर का झाला, शाळेत कुणाला काय ठाऊक होतं, यातलं त्या आरोपीकडून वदवून घ्यायचं काही होतं की नाही, हे आता कोण सांगणार?

मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. कसाबचं दोषारोपपत्र अकरा हजारांहून जास्त पानांचं होतं. साक्षी झाल्या, अपील झालं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. बदलापूरच्या त्या आरोपीवरचं दोषारोपपत्रही दाखल झालेलं होतं. त्याला निकालाचं पान कधी लागलंच नाही.