सामान्य ज्ञान आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनानिमित्त सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवायचे कार्यकारिणीने ठरवले आणि प्रश्न काढायचे काम माझ्या गळ्यात घातले. काम मी आनंदाने घेतले. पण नावांची वही फिरली तेव्हा नावे आली पाच, आणि पाचही शाळेत जाणाऱ्या मुलींची! बाकी भगिनींचे उत्तर एकच : “आम्हाला बाई काय येतंय? चूल नि मूल यापलीकडे आम्ही पाहिलंय काय?” हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, तेवढे सांगण्यापुरती मी आज उभी आहे.

चुलीपासूनच सुरुवात करू. उद्या एकादशी आहे असे समजा. ताटात काय असेल? साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. शेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याची वडी. आता यातला इथला मूळ रहिवासी कोण ते सांगा. कोणीच नाही! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळे ही सारी अमेरिकेकडचीच मंडळी, आणि राजगिऱ्याचे मूळही तिकडेच. कोलंबस १४९२ साली अमेरिकेकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि त्यानंतर जहाजांतून हे जिन्नस हळूहळू आपल्याकडे आले. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी एकादशी होती, पण साबुदाण्याची खिचडी नव्हती. वरी, शिंगाडा, दूध, दही हे मात्र घरचे जुने. माझ्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग काय झालं? चारशे वर्षं उपास करतोय ना तो बटाटा!”

या बटाट्याचे नावही असेच गमतीचे. शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांच्याकडे तो आला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून, आणि तिथे तो रताळ्याला म्हणत. थोडक्यात, बटाटा आजतागायत रताळ्याच्या नावावर जगतो आहे. परात, पिंप, घमेले, चावी, पाव हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. आणि पहिल्या तारखेला आपण ज्याची वाट पाहतो तो पगारदेखील त्यांचाच. तूप आणि अडकित्ता कानडीतून आले. कानडीत ‘तायि’ म्हणजे आई. त्यावरून आलेली आपली ताई मात्र थोरली बहीण झाली. असे का झाले असावे, हे या सभेतल्या थोरल्या बहिणींना सांगायला नको.

आता उलट दिशेने गेलेला एक शब्द. आमच्या शेजारचा पाचवीतला मुलगा परसात मुंगूस दिसले की आजीला दटावतो, “मुंगूस नाही आजी, मंगूज म्हणायचं!” आजी बिचारी गप्प बसते. वास्तविक गप्प बसायला हवे नातवाने, कारण इंग्रजीतला मंगूज हा शब्द आपल्या मुंगसावरूनच गेला आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तो साहेबाने इथून उचलला.

शब्दामागोमाग प्राणीही गेला. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. १८७२ साली जमेका बेटावरच्या मळेवाल्यांनी उसातले उंदीर मारण्यासाठी हिंदुस्थानातून मुंगसे नेली. सुरुवातीला सारे खूश होते. इतके, की १८८३ साली तिथल्या मुंगसांची रवानगी पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरही झाली. पण मुंगूस शिकार करते दिवसाउजेडी, आणि उंदीर बाहेर पडतो रात्री. उंदीर काही संपले नाहीत. मुंगसांनी आपला मोर्चा वळवला जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांकडे, त्यांच्या अंड्यांकडे आणि पिल्लांकडे. आज त्या बेटांवर हाच प्राणी उपद्रवी ठरला आहे. भगिनींनो, मुंगूस रात्री दिसत नाही, हे परसदार असलेल्या कोणत्याही आजीने एका वाक्यात सांगितले असते. पण आजीला विचारतो कोण? आणि विचारले, तरी ती म्हणणार, “मला बाई काय कळतंय?”

मात्र आजी सांगते ते सगळेच खरे असे नव्हे, हेही लगेच सांगून टाकते. सापाने डसल्यावर मुंगूस रानात जाऊन एक मुळी खाते, ही समजूत घरोघर आहे. तशी मुळीबिळी काही नाही. नागाचे विष स्नायूंत ज्या जागी चिकटते, त्या जागेची घडणच मुंगसाच्या शरीरात वेगळी असते, त्यामुळे विषाला तिथे पकड मिळत नाही. शिवाय अंगावरचे दाट, राठ केस आणि चपळाई. तरीही विष फार भिनले तर मुंगूससुद्धा मरते.

खेळांचे नाव काढले की आपण ते पुरुषांकडे सोपवून मोकळ्या होतो. बॅडमिंटनचे घ्या. १८७३ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले गेले ते आपल्या पुण्यात, लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडून, आणि काही काळ खेळाला नावही ‘पूना’ असेच होते. पुढे इंग्लंडातल्या एका सरदाराच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले. त्याच पुण्यातल्या तारा, सुंदर आणि सुमन देवधर या तीन बहिणींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या मुलींची नावे किती जणींना ठाऊक होती?

बुद्धिबळाचेही तसेच. ‘शह’ हा आपला रोजचा शब्द मूळ फार्सी, अर्थ राजा. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर असतो; युरोपात गेल्यावर त्या वजिराची राणी झाली. आधी ती एकच घर तिरपी सरकत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस नियम बदलले आणि ती पटावरचे सर्वांत बलवान मोहरे झाली. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. तिच्या खेळण्यावर आक्षेप निघाला. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेले आणि स्त्रियांना अशी मनाई करता येणार नाही, असे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी ठरवून दिले.

तर आता स्पर्धेविषयी. लांब नदी कोणती नि उंच शिखर कोणते, असले प्रश्न मी काढलेले नाहीत. ते मुलांना शाळेत पुष्कळ विचारतात. माझे प्रश्न स्वयंपाकघरातले, परसातले, माजघरातले आणि मैदानावरचे आहेत. नावे जोडीने द्यायची : एक मोठी बाई आणि एक मुलगी. सासू-सून असतील तरी हरकत नाही, फक्त उत्तरावरून तिथे भांडू नये. उत्तर सांगितल्यावर ते कशावरून, हेही सांगावे लागेल आणि त्याला निराळे गुण आहेत. शनिवारी दुपारी चार वाजता, याच सभागृहात. वही दाराजवळच्या टेबलावर उघडून ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे.