उंदराच्या मेंदूतील रात्रपाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने उंदराच्या मेंदूतील पेशींवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे काही कळते ते ग्रंथालयात बसून आणि जाणत्या डॉक्टरांना पिडून मिळवलेले. पण रात्रपाळीच्या प्रश्नावर भांडताना ‘रात्री जागल्याने माणसाचे नेमके बिघडते काय?’ असा सवाल समोरून नेहमी येई. त्याचे उत्तर शोधीत आम्ही पिनियल ग्रंथीपाशी येऊन पोहोचलो.

मोठ्या पांढऱ्या उंदराची ही ग्रंथी सुमारे एक मिलिग्रॅम वजनाची. मोठा मेंदू आणि लहान मेंदू जेथे भेटतात तेथे, कवटीच्या लगतच ती असते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने सतराव्या शतकात माणसातील या ग्रंथीला आत्म्याचे आसन ठरविले होते. आत्म्याचे पंडितांनी पाहावे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्या पेशी, आणि त्यांतील बहुतेक एकाच जातीच्या, ग्रंथीचे खरे काम करणाऱ्या.

पेशीचे केंद्रक दुमडल्यासारखे, कडेला खाचा पडलेले. भोवती ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांची गर्दी. पेशीच्या अंगातून एकदोन लांब फाटे निघतात व त्यांची फुगीर टोके केशवाहिन्यांच्या आसपास जाऊन थांबतात. तयार झालेला माल रक्ताच्या रस्त्याला लागावा अशीच ही मांडणी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आणखी एक वस्तू दिसते, आणि तिने आम्हांला फार विचारात पाडले. काळसर पट्टी किंवा काडी, आणि तिला चिकटून बारीक पुटकुळ्यांची रांग. शास्त्रज्ञ तिला फीत म्हणतात. अशीच फीत डोळ्याच्या पडद्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींत असते! मासे, बेडूक, सरडे यांच्या पिनियल पेशी स्वतःच उजेड ओळखतात. उंदराच्या पेशींची ती नजर गेली, फीत मात्र राहिली. गिनिपिगच्या ग्रंथीत या फितींची संख्या रात्री वाढते, असे फोलराथ या शास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले.

मग नजर गेलेल्या पेशीला रात्र झाल्याचे कळते कसे? भोंगा दुसरीकडून वाजतो. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या घड्याळाकडे जातो, तेथून खाली पाठीच्या कण्यातील रज्जूत उतरतो, मानेतील मज्जापुंजापर्यंत येतो आणि तेथून पुन्हा वर ग्रंथीत शिरतो. एवढा वळसा कशासाठी, हे निसर्गालाच ठाऊक. आमच्या कचेऱ्यांतील फाइलीसुद्धा याहून सरळ फिरतात. काळोख पडला की त्या तंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटते. पेशीत दिवसभर सेरोटोनिन साठलेले असते. त्याचे मेलाटोनिनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचा जोर उंदरात शंभर पटींच्या घरात वाढतो. हे मेलाटोनिन येल विद्यापीठातील लर्नर यांनी १९५८ साली गाईबैलांच्या ग्रंथींतून वेगळे काढले.

येथे गोदाम नसते, हे ध्यानात घ्यावे. मेलाटोनिन साठवून ठेवले जात नाही. तयार होते तसे रक्तात उतरते. म्हणून मध्यरात्री दिवा लावला की क्लाइन आणि वेलर यांना १९७२ साली दिसले तसे घडते: उंदरातील त्या विकराचा जोर काही मिनिटांत निम्म्यावर येतो. यंत्र बंद, माल बंद.

कोणी म्हणेल, उंदीर तर रात्रीच हिंडतो, मग हा झोपेचा रस कसला? शंका रास्त आहे. मेलाटोनिन उंदरातही रात्रीच वाढते, आणि तेव्हाच तो जागा असतो. म्हणजे हा झोपेचा हुकूम नव्हे. काळोख झाल्याची वर्दी आहे. ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे तिचा अर्थ लावायचा. हॅम्स्टरला काळोखात ठेवले की त्याची जननग्रंथी आक्रसते, आणि पिनियल काढून टाकली की आक्रसत नाही, हे १९६५ साली सिद्ध झाले. प्रयोगशाळांतील लहान उंदरांच्या कित्येक जातींत तर मेलाटोनिन जवळजवळ होतच नाही. तेव्हा कोणत्या उंदरावर प्रयोग झाला हे विचारल्याखेरीज आम्ही निष्कर्ष मान्य करीत नाही. आमच्या बाजूचा असला तरीही नाही.

माणसाचे काय? तेजस्वी उजेडाने माणसाचेही रात्रीचे मेलाटोनिन दबते, हे १९८० साली दिसून आले. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, तेव्हा कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दिव्याने तास वाढले, एवढेच तेव्हा दिसले. त्याच दिव्याचा उजेड डोळ्यांवाटे या ग्रंथीपर्यंत पोहोचत होता, ते कोणाला माहीत असणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही गाळीत नाही, आणि समोरच्यांनाही बाकीचे शब्द गाळू देत नाही. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना त्यानंतर नुकसानभरपाईही मिळाली.