झांबियाची वाट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



झांबियाला कसे जावे? प्रवासी म्हणेल, विमानाने लुसाकाला. पण तांबे विमानाने जात नाही. समुद्रकिनारा नसलेला हा देश १९६४ साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे तांबे मुख्यत्वे गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातील रेल्वेने बंदराकडे जात असे. १९६५ साली इयान स्मिथच्या राजवटीने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि झांबियाची नाडी तिच्या हाती गेली. १९७३ मध्ये ती सरहद्दच बंद झाली. अंगोलातून लोबितो बंदराकडे जाणारी बेंगेला रेल्वे १९७५ मध्ये यादवीने तुटली.

टांझानियातून पूर्वेकडे रेल्वे बांधणे परवडणार नाही, असे जागतिक बँकेचे मत होते. मी अर्थशास्त्राचाच माणूस; तो हिशेब मला समजतो. पण परावलंबनाची किंमत त्यात धरलेलीच नव्हती! न्येरेरे व कौंडा यांनी चीनचे बिनव्याजी कर्ज घेतले. दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी हा १,८६० किलोमीटरचा 'ताझारा' लोहमार्ग १९७५ साली पुरा झाला.

पुढे इंजिने थकली, देखभाल ढिलावली, माल मालमोटारींकडे वळला. हे आपण लपवू नये. आता लोबितोच्या मार्गामागे अमेरिका आणि युरोप उभे आहेत, ताझाराच्या दुरुस्तीमागे चीन. चर्चा सगळी तांब्या-कोबाल्टची. मात्र ताझाराच्या सवारी गाडीने लहान स्टेशनांवरचे शेतकरी आपले धान्य बाजाराला नेत आले आहेत. त्या गाडीचे वेळापत्रक कोण राखणार, हे मला या करारांत प्रथम वाचायचे आहे.