मास्क नीट कसा लावावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे बोल माझ्याकडून मिळायचे नाहीत. पण रोजच्या उपयोगाचे काही सांगा असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून आज मी मास्कविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात सांगायचे काय? एप्रिल २०२० मध्ये मुंबईत घराबाहेर पडताना मास्क सक्तीचा झाला, तेव्हापासून तो पोराटोरांनाही ठाऊक आहे. ठाऊक आहे खरा, पण पुष्कळांनी तो तोंड झाकण्यापुरताच लावला. साधा कापडी मास्क किंवा दवाखान्यातला निळा मास्क मुख्यतः लावणाऱ्याच्या खोकल्याचे तुषार अडवतो. हवेतले बारीक कण आपल्या छातीत जाऊ नयेत असे वाटत असेल, तर एन-९५ लागतो. आमच्या घाटकोपरात जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत, त्यांची धूळ आहेच. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांनी कित्येक दिवस धूर गिळला. आणि धुळीधुराहून मोठे कारण म्हणजे क्षयरोग. त्याचे जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात.

एन-९५ मधल्या आकड्याचा अर्थ असा, की तपासणीत शंभर अतिबारीक कणांपैकी निदान ९५ कण तो अडवतो. पण हा हिशेब मास्कमधून गाळून आलेल्या हवेचा आहे. कडेला फट राहिली तर हवा तिथूनच आत शिरते, कारण तिला सोपी वाट हवी असते. कुकर कितीही भारी असो, रिंग नीट बसली नाही तर वाफ बाजूने जाते आणि डाळ शिजत नाही. मास्कचेही तसेच आहे.

मास्कचे महत्त्व जगाला कळले त्याला शंभरावर वर्षे झाली. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापडात कापूस घालून मास्क करविले. त्यांचे म्हणणे न पटलेले एक फ्रेंच डॉक्टर मास्कशिवाय रोगी तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने दगावले.

आता घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंच्या मुलीला क्षय झाला, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. तिचे औषधपाणी माझ्याकडे आले. शेजारणींनी येणे सोडले. त्यांना मी दोष देत नाही, जिवाची भीती कुणाला नसते? पण पोर भिंतीकडे तोंड करून निजायची, ते मला बघवेना. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला आरशापुढे उभे करून एन-९५ लावायला शिकवले. मग मी तिच्याजवळ बसू लागले, तिची वेणी घालू लागले. औषधे पुरी करून ती बरी झाली.

नर्सबाईंनी शिकवलेली रीत अशी. आधी हात धुवावेत. मास्क फाटलेला, ओला किंवा चुरगळलेला नाही ना, ते पाहावे. मास्क तळहातावर घेऊन नाकाची पट्टी बोटांच्या टोकांकडे ठेवावी. खालची कड हनुवटीखाली व वरची नाकावर बसवावी. वरची रबरी नाडी डोक्याच्या मागे उंचावर, खालची कानांखालून मानेवर घ्यावी. नाड्या एकमेकींवरून तिरप्या नेऊ नयेत. मग नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत गालांपर्यंत आणावी. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये टोक येते आणि दोन्ही बाजूंना फट पडते. केस, पदर, ओढणी किंवा मोठी नथ कडेखाली येऊ देऊ नये. पुरुषांच्या दाढीवर तो घट्ट बसत नाही, हे घरी जरूर सांगावे.

आता परीक्षा. दोन्ही तळहात मास्कवर अलगद ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा बसवावी. गालांशी लागला तर नाड्या मागे सरकवाव्यात. मग श्वास आत ओढावा, म्हणजे मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला जातो. कितीही करून हवा निसटत असेल, तर तो मास्क आपल्या चेहऱ्याचा नव्हे, दुसऱ्या घडणीचा घ्यावा. ही परीक्षा दर वेळी करायची, आणि रोग्याच्या खोलीत शिरण्याआधी करायची.

काढताना पुढच्या भागाला हात लावू नये. आधी खालची नाडी, मग वरची काढावी आणि हात धुवावेत. एन-९५ धुऊ नये, धुतल्याने त्याची गाळण्याची शक्ती जाते. एकाचा दुसऱ्याने लावू नये. झडपेचा मास्क रोग्याला देऊ नये, कारण झडपेतून त्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो. रोग्याला साधा निळा मास्क पुरतो. मोठ्यांचा मास्क लहान मुलांना नीट बसत नाही. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून लावावा. आणि एन-९५ ने धूळ अडते, पण रंगाचा उग्र वास किंवा गॅस अडत नाही. खोलीच्या खिडक्याही उघड्या हव्यात, केवळ मास्कवर भिस्त ठेवू नये.

भगिनींनो, क्षय ताटवाटीने पसरत नाही, कपड्यांनी पसरत नाही. आपल्या चाळीत, इमारतीत असे आजारपण आले तर त्या घराकडे पाठ फिरवू नका. मास्क नीट लावा, परीक्षा करा आणि घटकाभर जाऊन बसा. पुढच्या सभेला प्रत्येकीने एकेक एन-९५ आणावा, आपण जोडीजोडीने तो लावून पाहू.