रोजची नोंद आणि मनाची चाहूल



भिलाईत वाढलेल्या माणसाला ब्लास्ट फर्नेस समजावून सांगावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेल्या अनेक मराठी घरांचा दिवस तिच्या पाळ्यांनी बांधला गेला. त्या घरांत एक गोष्ट ठाऊक असते. भट्टी बहुधा एकाएकी थंड पडत नाही. वितळलेल्या लोखंडाचे तापमान, त्यातील सिलिकॉनचे प्रमाण यांत आधीपासून थोडाथोडा फरक पडत जातो. एका पाळीचा आकडा सुटा पाहिला तर फारसे काही सांगत नाही. मागील आकड्यांच्या रांगेत ठेवला की तो बोलू लागतो. तरुण मनाची रोज नोंद ठेवून पुढचा बदल आधी ओळखता येईल का, हा आजचा प्रश्न याच शिस्तीतून निघालेला आहे. ही उपमा एका ठिकाणी तुटते. ते ठिकाण पुढे येईलच.

प्रश्न तरुणांपुरता का, तर मनाचे बहुतेक विकार याच वयात मूळ धरतात. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी मानसिक विकार झालेल्यांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली आढळली. म्हणजे दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा, वसतिगृह आणि पहिली नोकरी यांचाच हा काळ. भिलाईच्या शिकवणीवर्गांची ख्याती दूरवर आहे. त्या ख्यातीचा भार कोणाच्या खांद्यावर असतो हे येथे बसलेल्या पालकांना ठाऊक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती व छत्तीसगड त्यांपैकी एक होते. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे त्यात दिसले.

जे पोहोचतात त्यांच्यापुढेही एक अडचण असते. दवाखान्यात नैराश्य मोजण्यासाठी जी प्रश्नावली सर्रास वापरतात, ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. पण स्मृती आजच्या मनःस्थितीचा रंग घेऊन येते. उदास सकाळी आठवलेले दोन्ही आठवडे उदासच वाटतात, आणि मधला मित्रांबरोबर हसण्यात गेलेला रविवार गळून पडतो. त्या त्या दिवशी लिहून ठेवलेले मात्र पुसले जात नाही. मराठीत रोजनिशी हा शब्द पेशवे दप्तरात रुळलेला आहे; तेथे तो जमाखर्चाला आणि हुकुमांना लागू होता, येथे झोपेला आणि उमेदीला लागू करायचा.

नोंद अगदी लहान असावी. रोज रात्री ठरलेल्या वेळी झोप, भूक, चिडचिड, उत्साह आणि काळजी यांना शून्य ते दहा अंक द्यावेत व त्या दिवशी काय घडले याची एक ओळ लिहावी. याला दोन मिनिटे पुरतात. त्याहून मोठी नोंदवही आठवड्यात बंद पडते, आणि मनाची विचारपूस फार लांबली तर ती स्वतःच चिंतेचे कारण होते.

पाहायचे काय, तर अंकांची उंची आणि त्याबरोबर सावरण्याचा वेग. कल्पना करा, एका मुलाला चाचणीत कमी गुण मिळाले. ऑगस्टमध्ये त्याचा उत्साह दोन दिवसांत पूर्ववत झाला. डिसेंबरमध्ये तसेच गुण मिळाले आणि सावरायला नऊ दिवस लागले. मधल्या काळात तो शिकवणीला जात होता, जेवत होता. घरच्यांना काही दिसले नाही. धक्क्यातून सावरणे असे संथ होऊ लागणे ही मोठ्या बदलाची पूर्वसूचना असू शकते, हा विचार सरोवरांच्या व हवामानाच्या अभ्यासातून मानसशास्त्रात आला. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एकाच रुग्णाच्या २३९ दिवसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. नैराश्यावरील औषध हळूहळू कमी करत असताना आजार उलटण्यापूर्वी त्याच्या नोंदींत अशा खुणा उमटल्या होत्या.

एका माणसावरून सर्वांचे ठरत नाही. पुढे त्याच देशात शंभराहून अधिक तरुणांनी सुमारे सहा महिने रोज नोंदी केल्या. काहींच्या बाबतीत खूण आधी दिसली. पुष्कळांची लक्षणे वाढली तरी ती दिसलीच नाही, आणि काहींच्या बाबतीत खूण दिसूनही पुढे काही घडले नाही. तेव्हा मनाचे भाकीत वर्तवण्याचा दावा करणाऱ्या मोबाइल अॅपवर विसंबणे आज तरी धाडसाचे आहे. नोंदीचा खरा उपयोग याहून साधा आहे. आपली नेहमीची पातळी कोणती हे ज्याचे त्याला कळते, आणि डॉक्टरांपुढे ‘बरे वाटत नाही’ एवढे एकच वाक्य घेऊन बसावे लागत नाही.

उपमा तुटते ती येथे. भट्टीला आपले लॉगबुक कोण वाचतो याची लाज वाटत नाही. तरुणाला वाटते. आई रोज रात्री वही तपासणार हे कळले की चिडचिडीचा अंक खाली येतो, उत्साहाचा वर जातो, आणि वही खोटी होते. प्रेमापोटी केलेली तपासणीही तपासणीच. म्हणून वही लिहिणाऱ्याचीच असावी. ती कोणाला केव्हा दाखवायची हे त्याने आधी, बरे असतानाच, ठरवावे. शाळेनेही असा तक्ता मागू नये. गुणपत्रिका एक आहे तेवढी पुरे. पालकांनी विचारायचे ते अंक सोडून विचारावे: झोप लागते का, जेवण जाते का, कोणाशी बोलणे होते का.

मात्र वहीत मरणाचा विचार उमटला, किंवा तोंडून निघाला, तर आलेखाची वाट पाहू नये. त्या मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. मूल शिकायला परगावी निघाले की डब्याबरोबर हा क्रमांकही द्यावा, आणि वही त्याच्याच पिशवीत राहू द्यावी.