देव चांगला कशावरून?

वाशीला वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, देव चांगला, तर दुष्काळ कसा पडतो?" पुस्तकी उत्तर देववेना. मला आठवल्या पंडिता रमाबाई. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली केडगावला आणल्या. ख्रिस्ती माणूस म्हणतो, देव दुःखाबाहेर उभा नाही; क्रुसावर तो स्वतः ते सोसतो. तुम्हांला हे पटो न पटो, बाईंनी त्यावर आयुष्य काढले. १९२१ साली एकुलती मनोरमा गेली, तरी बायबलाचे मराठी भाषांतर त्या करीतच राहिल्या, १९२२ च्या एप्रिलात डोळे मिटेपर्यंत. मुलाला एवढेच सांगितले. त्याचे समाधान झाले, असे काही मला वाटले नाही.