प्रार्थना आणि प्रतीक्षा

नवस बोलून वर्षे लोटतात, अनुष्ठाने होतात. तरी घरातले दुखणे हटत नाही, मुलाला नोकरी लागत नाही. मग देवघरात निरांजन लावणारा हात थबकतो. देव ऐकतो तरी का, हा प्रश्न नास्तिकाला पडत नाही. तो श्रद्धावंतालाच पडतो, म्हणून तो दडपून टाकण्याजोगा नाही.

१८८४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या विश्वनाथ दत्तांचे निधन झाले. वकिलीत भरपूर मिळवणाऱ्या या गृहस्थाच्या मागे कर्ज उरले. थोरला मुलगा नरेंद्र उन्हातान्हात अनवाणी नोकरी शोधत हिंडू लागला. घरात अन्न अपुरे दिसले की, बाहेर आमंत्रण असल्याचे सांगून तो उपाशीच निघून जाई. अखेर, जगन्मातेकडे घरच्यांसाठी शब्द टाकावा, अशी गळ त्याने श्रीरामकृष्णांना घातली. त्यांनी त्यालाच मंदिरात धाडले. एका रात्रीत तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा विवेक, वैराग्य, ज्ञान व भक्ती यांचेच मागणे करून परतला. शेवटी, घरच्यांना साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, एवढे आश्वासन गुरूंनी दिले.

ते आश्वासन फळले, पण दुसऱ्या दिवशी नव्हे. १८९१ मध्ये अबूच्या पहाडावर खेतडीचे राजे अजितसिंह यांची भेट झाली आणि पुढे त्यांच्याकडून त्या कुटुंबाला दरमहा साहाय्य जाऊ लागले. मधली वर्षे त्या माउलीने ओढगस्तीत काढली. भाऊबंदकीचा घराचा तंटा तर १९०२ मध्ये, स्वामीजींच्या देहावसानाच्या वर्षी मिटला.

१८९३ च्या जुलैअखेर स्वामीजी शिकागोला पोहोचले, तेव्हाही दार बंदच होते. सर्वधर्म परिषद सप्टेंबरात होती, हाती परिचयपत्र नव्हते, पैसा सरत चालला होता. खर्च कमी म्हणून ते बोस्टनकडे वळले. त्याच सक्तीच्या मुक्कामात प्रा. राइट भेटले आणि त्यांच्या पत्राने ११ सप्टेंबरच्या व्यासपीठाची वाट मोकळी झाली. जो विलंब संकट वाटला, त्याच्याच पोटात उत्तर होते.

प्रत्येक विलंबाचा अर्थ असा उलगडतोच असे नाही. काही प्रार्थना अखेरपर्यंत अनुत्तरित राहतात. अशा वेळी दुःखिताच्या श्रद्धेत उणीव काढणे हे अधर्माचे लक्षण होय. नरेंद्राची श्रद्धा उणी नव्हती, तरी त्याला उपास घडलेच.

मात्र प्रतीक्षेच्या त्या वर्षांत त्याने हातपाय गाळले नाहीत. भगवंताच्या वेळेवर विश्वास ठेवणे म्हणजे आपल्या वाट्याचे काम करीत राहणे आणि फळाचा मुहूर्त त्याच्यावर सोपवणे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या मातेच्या घरी देवाचे उत्तर पोहोचले, ते एका माणसाच्या हातून. शेजारच्या घरातही कुणी वाट पाहत असेल. आपली प्रार्थना फळण्याची वाट पाहणाऱ्याने त्या घराचे दार ठोठवावे. कदाचित तिथे मागितलेले उत्तर भगवंताने त्याच्याच हाती दिले असेल.